‘तीर्थयात्रा’, ‘दर्शन’ की आणखी काही? ख्रिस्ती यात्रेसाठी मराठी शब्द

प्रश्न (सदर, नागपूर):
आमच्या चर्चमधले काही जण यरुशलेम-बेथलेहेमला निघाले आहेत. त्यांच्यासाठी प्रार्थनासभा आहे आणि तिचं मराठी पत्रक माझ्याकडे आलंय. मी ‘पवित्र भूमीची तीर्थयात्रा’ असं लिहिलं. एक काका म्हणाले, “तीर्थयात्रा हा आपला शब्द नाही, सहल लिही.” ‘सहल’ वाचून एका काकूंना वाईट वाटलं. “आम्ही काय अंबाझरीवर फिरायला चाललो का?” काय लिहू?

प्रतिसाद:
ताई, काकूंचं बरोबर आहे. आयुष्यभर पैसे साठवून गेथशेमानेत, येशूनं अटकेआधी प्रार्थना केली त्या बागेत, गुडघे टेकायला निघालेल्या बाईच्या जाण्याला सहल म्हणू नये.

‘आपला शब्द नाही’ हेही मला पटत नाही. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘यात्रिक’ निदान १८४१ पासून आहे. जॉन बन्यन या इंग्रज लेखकाच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपककथेचं हरि केशवजींनी केलेलं भाषांतर त्या वर्षी ‘यात्रिकक्रमण’ या नावानं आलं. त्यातला यात्रिक नकाशावरच्या गावाला जात नाही, तो या जगातून स्वर्गीय नगरीकडे चालला आहे. लॅटिन ‘पेरेग्रिनुस’चाही मूळ अर्थ परका, परमुलखातला माणूस. मराठी बायबलात इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात ‘परके व प्रवासी’ आहेत, ते हेच.

काकांची खरी अडचण ‘तीर्थ’पाशी असावी आणि ती खोटी नाही. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, पार होण्याची जागा. तिथं स्नान, पापक्षालन, पुण्य हे सगळं त्या शब्दाबरोबर येतं. येशूचा बाप्तिस्मा झाला त्या यार्देन नदीपाशी तो अगदी चपखल बसतो: लोक पांढरे झगे घालून पाण्यात उतरतात, बाटलीत पाणी भरून आणतात. पण बेथलेहेमला काय? तिथं पाणी नाही, आणि त्या जागेनं पाप धुतलं जातं असं कुठलंही चर्च शिकवत नाही. मग माणूस जातो कशासाठी?

ख्रिस्तजन्माच्या चर्चचं दार इतकं बुटकं आहे की मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं. खाली गुहेत चौदा टोकांचा चांदीचा तारा आहे. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की येथे कुमारी मरियेपासून येशू ख्रिस्त जन्मला. नासरेथच्या गुहेतल्या वेदीवर योहानाच्या शुभवर्तमानातलं ‘शब्द देही झाला’ (म्हणजे देवाचा शब्द येशूच्या रूपानं माणूस झाला) हे वाक्य कोरलंय, पण त्यात एक शब्द वाढवून: शब्द *येथे* देही झाला. मूळ वचनात ‘येथे’ नाही. तो फक्त त्या जागी उभं राहूनच म्हणता येतो, आणि यात्रिक जातो तो त्या एका शब्दासाठी, असं मला मनापासून वाटतं.

आता हा ‘येथे’ विदर्भाला काही नवा नाही. महानुभावांची स्थानपोथी बघा. चक्रधरस्वामी कुठं बसले, कुठं निजले, कुठं जेवले त्या जागांची नोंद. तिथं ओटे बांधले आणि लोक त्यावर माथा टेकतात. इथं पाणी महत्त्वाचं नाही, मूर्तीही नाही. स्वामींचा त्या भूमीला संबंध झाला, एवढ्यानंच ते ‘स्थान’. (स्वतः चक्रधर घरून निघाले ते आपल्या रामटेकच्या यात्रेला म्हणून, आणि वाटेत रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू भेटले.) यरुशलेम, नासरेथ, गालील यांना मराठीत सगळ्यांत जवळचा शब्द मला ‘स्थान’ वाटतो. धर्म वेगळा, श्रद्धा वेगळी, पण देव अमुक ठिकाणी चालला-बोलला म्हणून ती माती जपायची, ही ओढ सारखी आहे.

‘दर्शन’ मात्र मी टाळेन. यरुशलेममध्ये येशूला पुरलं त्या जागेवरच्या पवित्र कबरेच्या चर्चमध्ये लोक तासन्‌तास रांगेत थांबतात, वाकून आत शिरतात, आणि आत पाहायला काहीच नसतं. शुभवर्तमानात देवदूत तिथं आलेल्या स्त्रियांना सांगतो, “तो येथे नाही, तो उठला आहे.” बेथलेहेमचा ‘येथे’ आणि कबरेवरचा ‘येथे नाही’, या दोहोंमध्ये सगळी ख्रिस्ती यात्रा आहे. रिकामी जागा बघून लोक रडत बाहेर येतात, तेही आनंदानं.

प्रतिसाद (मोहननगर):
दादा, हे यरुशलेमचं झालं. पण आमच्याकडे ‘वेलंकणीले जाऊन राहिलो’ म्हणतात. येशू तर कधी तिथं गेला नाही. तिथं तुमचं ‘स्थान’ कसं लागू होणार?

प्रतिसाद:
नाही होणार. तमिळनाडूतलं वेलंकणी हे मरियामातेचं ठिकाण, तिथं नवस असतो. २९ ऑगस्टला झेंडा चढतो, ८ सप्टेंबरला मरियामातेचा सण, आणि त्या दिवसांत भगव्या वस्त्रांत शेकडो मैल पायी येणारे लोक, मुंडन करणारे, वाळूतून गुडघ्यांवर चालत बॅसिलिकेपर्यंत जाणारे. कुणाचं मूल बरं झालंय, कुणाचं व्हायचंय. आईपाशी गाऱ्हाणं घेऊन जायचं तर ‘मातेकडे जाणं’ याहून नेमका शब्द नाही. आपल्याकडे पचमढीच्या महादेवाला निघालेल्या जथ्याला पोहा म्हणतात, तसा तिथं जथ्यानं चालण्याला अर्थ आहे.

‘वारी’ कुठंच नको. वारीत नेम आहे, दरवर्षी जाणं आहे. यरुशलेम बहुतेकांच्या नशिबी एकदाच. मुंबईकर बांद्र्याच्या मोतमावलीला (माउंट मेरी चर्चला) दर सप्टेंबरात जातात, त्यांनी वारी म्हटलं तर शोभेल.

तेव्हा ताई, पत्रकावर ‘पवित्र भूमीची यात्रा’ लिहा आणि जाणाऱ्यांना ‘यात्रिक’ म्हणा. ‘तीर्थ’ काढल्यानं काकांचं समाधान होईल, ‘यात्रा’ राहिल्यानं काकूंचं. आणि आणखी एक, तुमचं चर्च ‘वधस्तंभ’ म्हणणारं आहे की ‘क्रूस’, ते आधी विचारून घ्या. येशू क्रूस घेऊन चालला त्या मार्गावर थांबत थांबत करायच्या प्रार्थनेला कॅथलिक घरांत ‘क्रूसाची वाट’ हाच रुळलेला शब्द आहे, आणि यरुशलेमच्या त्या चौदा थांब्यांचा उल्लेख पत्रकात येणारच.