पन्नाशीनंतर पहिल्यांदाच एलजीबीटीक्यू सेंटरला जायचंय. आत नेमकं काय असतं?

उशिरा_आलेला

वय चौपन्न. मी गे आहे हे मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे, पण सांगितलंय फक्त दोघांना, त्यातली एक माझी पूर्वीची बायको. शहरात आपल्या लोकांसाठी कम्युनिटी सेंटर आहे. बस त्याच्या समोरूनच जाते, मी उतरत नाही. वेबसाइटवर सगळे फोटो विशीतल्या पोरापोरींचे. माझ्यासारख्या टक्कल पडलेल्या हिशेबनिसाचं तिथे काय काम? आणि खरी भीती वेगळीच आहे. दारात नाव-पत्ता लिहून घेतात का? ऑफिसातलं कुणी भेटलं तर? एचआयव्हीची तपासणीही करून घ्यायची आहे, पण नेहमीच्या डॉक्टरांकडे नको. जाऊन आलेल्यांनी सांगा. उगाच धीर देऊ नका.

टेबलापलीकडची

दादा, अशाच एका सेंटरच्या रिसेप्शनला मी आठवड्यातून एक संध्याकाळ बसते. नव्या माणसाला मी लगेच ओळखते: तो आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारतो, मग माहितीपत्रकांपाशी बराच वेळ उभा राहतो. आम्ही मुद्दाम तिकडे बघत नाही.

आमच्या वहीत वयोगट आणि कशासाठी आलात एवढंच लिहितो, कारण देणगी देणाऱ्यांना आकडे लागतात. हाक कोणत्या नावाने मारू, तेवढं विचारते. तुम्ही जे सांगाल ते. समुपदेशन किंवा तपासणी असेल तर फाइल होते, ती वेगळ्या कपाटात, माझ्याकडे त्याची किल्ली नाही. सगळीकडे असंच असेल असं नाही, म्हणून आधी फोन करून दोनच गोष्टी विचारा: वहीत काय लिहिता, आणि ती वही कोण बघतं?

ऑफिसातलं कुणी भेटलं, तर तोही त्याच दारातून आत आलेला असेल. इथे कोण दिसलं ते बाहेर बोलायचं नाही, हा नियम प्रत्येक गटाच्या सुरुवातीला सांगतात. शंभर टक्के हमी मात्र कुणी देऊ शकत नाही.

फोटोंचं म्हणाल तर गंमत आहे. आमच्याकडे साठीच्या पुढची माणसं भरपूर येतात, पण फोटो काढायला कुणी तयार होत नाही! वयाचा प्रश्न नवाही नाही. न्यूयॉर्कमध्ये वयस्क समलिंगी लोकांसाठी 'सेज' ही संस्था १९७८ मध्ये सुरू झाली, तिथलं सेंटर १९८३ चं, म्हणजे नंतरचं. ते सेंटर एका जुन्या शाळेच्या इमारतीत आहे. एड्सच्या काळात औषधांसाठी सरकार आणि कंपन्यांना धारेवर धरणारी 'अ‍ॅक्ट अप' ही चळवळ मार्च १९८७ मध्ये तिथूनच उभी राहिली. १९८९ मध्ये चित्रकार कीथ हॅरिंगने दुसऱ्या मजल्यावरच्या पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या भिंती रंगवल्या, पुढच्याच वर्षी तो एड्सने गेला. एकतीस वर्षांचा होता. त्या पिढीतले जे वाचले ते आज तुमच्याहून मोठे आहेत. सेंटर आधी त्यांचं आहे, पोरं मागून आली.

पहिल्यांदा पार्टीच्या दिवशी जाऊ नका. ग्रंथालय, एखादं व्याख्यान, पत्त्यांचा डाव, असं काहीतरी निवडा, म्हणजे गप्प बसलात तरी विचित्र दिसत नाही. आणि हिशेबनीस आहात हे लगेच सांगू नका. आम्हाला जमाखर्च बघणारा माणूस कायम हवा असतो, सोडणार नाही.

ट्रान्स_माणूस_३१

ताईंचं सेंटर चांगलं दिसतंय. मला एका ठिकाणी भर हॉलमध्ये ओळखपत्रावरच्या जुन्या नावाने हाक मारली होती, तेही तपासणीसाठी. तेव्हा तिसरा प्रश्नही विचाराच: तपासणीला नंबरने बोलावता की नावाने?

उशिरा_आलेला

विचारतो. तपासणीबद्दल एक शंका आहे. काळजी वाटावी असा प्रसंग तीन आठवड्यांपूर्वीचा. आत्ता गेलो तर चालेल?

लॅबवाला

जा, पण रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यावर थांबू नका. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत करतात त्या अँटिजेन-अँटिबॉडी तपासणीत लागण साधारण १८ ते ४५ दिवसांत दिसते. बोटाला टोचून करतात त्या झटपट तपासणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. म्हणून आत्ता एकदा करा, पुन्हा कधी यायचं ते तिथेच विचारून घ्या. झटपट तपासणी पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या तपासणीने खात्री करतात, त्याआधी निष्कर्ष काढू नका. आणि पुढे कधी असं झालं तर तीन आठवडे वाट बघायची नाही. ७२ तासांच्या आत 'पेप'च्या, म्हणजे लागण टाळण्यासाठीच्या गोळ्या सुरू करता येतात, २८ दिवस घ्यायच्या. जितक्या लवकर तितकं बरं.

उशिरा_आलेला

फोन केला. नंबरने बोलावतात. गुरुवारची वेळ मिळाली. त्याच संध्याकाळी पन्नाशीपुढच्यांचा गट बसतो म्हणाले. तिथे प्रत्येकाला बोलावं लागतं का?

टेबलापलीकडची

छे. पाळी आली की 'पुढे' म्हणायचं, शेजारचा सुरू करतो. आमच्या गटात एक गृहस्थ सहा महिने 'पुढे' म्हणत होते, आता थांबवावं लागतं.