दान स्वीकारले म्हणजे विषय संपला का? (एका विश्वस्तांच्या मतास उत्तर)

गिरणाकाठ, जळगाव

परवा या चर्चामंचावर एका विश्वस्त महोदयांनी लिहिले की, या हाताचे त्या हाताला कळू नये हीच दानाची रीत आहे, रुग्णालयाने दात्याशी करारनामा करणे हा व्यापार आहे आणि वर्षभराने हिशेब विचारायला येणाऱ्याने दान देण्याऐवजी बँकेत मुदत ठेव करावी. मी एका धर्मादाय रुग्णालयात नऊ वर्षे देणग्यांचे काम पाहिले आहे. ते वाचून मला राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

चोपडा तालुक्यातील एका मावशींनी यजमानांच्या पश्चात, शेताचा तुकडा विकून आलेल्या पैशांतून, डायलिसिस यंत्रासाठी आम्हाला धनादेश दिला. आम्ही पावतीवर 'सर्वसाधारण देणगी' एवढेच लिहिले आणि शाल-श्रीफळ देऊन त्यांना निरोप दिला. दोन वर्षांनी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी त्या यंत्र पाहायला आल्या, तेव्हा त्यावर हिरवे कापड टाकलेले होते. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते, आणि त्या मे महिन्यात आमची कूपनलिका आटल्यामुळे टँकरच्या पाण्यावर निम्मीच यंत्रे चालत होती. मावशींच्या यंत्राच्या देखभालीसाठी तर कोणी पैशांची तरतूदच केलेली नसल्याने ते त्याआधीच बंद पडले होते. मावशींनी कापडाचे टोक उचलले, पदराने नावाची पट्टी पुसली, कापड पुन्हा सारखे केले आणि विचारले, "किती जणांना लागलं हे, दादा?" माझ्याकडे आकडा नव्हता.

दान घेतानाच दोन पानांवर हेतू लिहिला असता, पाणी आणि देखभाल यांचा खर्च कोणाचा हे ठरवले असते, यंत्र निकामी झाल्यास उरलेली रक्कम कोठे वळवायची हे मावशींना विचारून घेतले असते आणि वर्षातून एक पत्र पाठवण्याचे आम्ही कबूल केले असते, तर त्या दिवशी मला मान खाली घालावी लागली नसती. याला व्यापार म्हणणे मला मान्य नाही.

विश्वस्त, धुळे जिल्हा

ते मत माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. आपण दात्याची व्यथा सांगितली, आता संस्थेची ऐका. प्रत्येकाला यंत्र द्यायचे असते, खोली बांधायची असते. रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार, विजेचे देयक आणि टँकर यांसाठी कोणीही धनादेश देत नाही. आपला करारनामा पैशाला एकाच हेतूशी बांधून ठेवील, आणि मग खात्यात लाखो रुपये पडून असताना औषधे उधारीवर आणायची वेळ येईल. आमच्याकडे एका दात्याने लेखी अट घातली होती की, त्याच्या नात्यातील रुग्णाला खाट प्रथम मिळावी आणि नेमणुकांच्या वेळी त्याला विचारावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी, १० टक्के दुर्बल घटकांसाठी आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, हे आम्हाला पाळावेच लागते. त्यात दात्याच्या पाहुण्यांची रांग कोठे बसवायची? आम्ही ती देणगी परत केली. ज्यांनी गुपचूप दिले त्यांनीच आमची संस्था उभी केली.

निवृत्त लेखापरीक्षक, भुसावळ

विश्वस्त महोदयांची भीती समजते, परंतु तिचे उत्तर कायद्यातच आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे, दात्याच्या केवळ मर्जीवर रद्द होऊ शकेल असे दान ठरवता येत नाही. तसे लिहिले तर ते दानच टिकत नाही. तेव्हा लेखी केले म्हणून दाता मालक होत नाही. उलट लेखी नसल्यानेच घोटाळे होतात. देणगी कायम निधीत, म्हणजे मूळ रक्कम जपून तिचे उत्पन्न वापरायच्या निधीत, धरायची असेल तर दात्याचा स्पष्ट निर्देश लागतो, आणि आयकर कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो निधी ठरावीक गुंतवणुकीतच ठेवावा लागतो. मी तपासलेल्या कित्येक वह्यांत मार्चअखेरीस बसून 'कायम निधी' हे शब्द मागाहून लिहिलेले होते, शाईसुद्धा वेगळी!

आणखी एक गोष्ट दात्याला आधी सांगत नाहीत. वस्तुरूपाने यंत्र दिले तर देणगीवरील आयकर वजावट (जिला ८० जी ची वजावट म्हणून ओळखतात) मिळत नाही, रोखीने २००० रुपयांवर दिले तरी नाही, आणि नव्या करप्रणालीत तर ती वजावट मुळातच नाही. मग जुलैमध्ये आयकर विवरणपत्र भरताना दाता रुग्णालयाच्या खिडकीशी येऊन भांडतो. हे आधी सांगणे हीसुद्धा दात्याची काळजी घेणेच आहे.

केळी उत्पादक, रावेर

कर राहू द्या, नामफलकाचे बोला. वडिलांच्या स्मरणार्थ आम्ही भावांनी एका रुग्णालयाचा कक्ष बांधून दिला. सहा वर्षांनी तेथे नव्या फरश्या बसल्या आणि फलक निघाला. आम्हाला कोणी कळवले नाही. तो मला भांडारात, मोडक्या सलाईन स्टँडच्या मागे, उलटा ठेवलेला सापडला. कोपरा फुटलेला होता. कक्षाला आता दुसऱ्या दात्याचे नाव आहे. त्या दिवशी मी तेथून रावेरपर्यंत मोटारीत एक शब्द बोललो नाही. नाव किती वर्षे राहील हे लिहून दिले असते आणि वीस वर्षे म्हटले असते, तरी आम्ही मान्य केले असते.

परिचारिका, नंदुरबार

दादा, आपले दुःख खरे आहे, पण फलकांच्या या हौसेची दुसरी बाजू मी रोज पाहते. खाटेवर नाव, पंख्यावर नाव, पाण्याच्या माठावर नाव. धडगावहून चार गाड्या बदलून आलेली बाळंतीण 'कैलासवासी' लिहिलेल्या खाटेवर झोपायला तयार होत नाही, तेव्हा तिची समजूत मला घालावी लागते. फळे वाटायला आलेले दाते रुग्णाच्या हातात सफरचंद धरवून छायाचित्र काढतात. रुग्णाच्या अंगावर धड कपडा नसतो, आणि नाही म्हणायची त्याची हिंमत नसते.

केळी उत्पादक, रावेर

आमच्या वडिलांचे नाव म्हणजे अपशकुन, असे आपल्याला म्हणायचे आहे का? आम्ही एकही छायाचित्र काढले नाही. दिलेल्या पैशाने आपलाच कक्ष चालतो, हे विसरू नये.

परिचारिका, नंदुरबार

तसे मी म्हटले नाही, आणि माझ्या तोंडी ते घालू नका. कक्षाच्या दारावर नाव असावे, जरूर असावे. खाटेवर नको, एवढेच म्हणते. आणि कक्ष पैशाने बांधला जातो. रात्री तीन वाजता तो आम्ही चालवतो.

अमळनेरकर

थोडे शांतपणे घ्यावे. आमच्या गावात १९१६ साली उद्योगपती प्रतापशेठांच्या आश्रयाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे, आणि ते नाव आजही रोज शेकडो मुलांच्या तोंडी येते. काम चालू राहिले की नाव राहते.

केळी उत्पादक, रावेर

ते नाव अख्ख्या संस्थेला आहे, काढायला कोणी धजावणार नाही. आमच्यासारख्याचा दोन फुटी फलक गवंडीसुद्धा काढून टाकतो. मोठ्या दात्याचे उदाहरण लहान दात्याला लावू नका.

विश्वस्त, धुळे जिल्हा

फलकाची हकीकत वाचून मला वाईट वाटले; आमच्या भांडारातही दोन फलक आहेत, आणि ते कोणाचे हे मला आज सकाळी जाऊन पाहावे लागले. मत पूर्णपणे बदलले असे समजू नये. पाच हजार देणाऱ्या शेतकऱ्यापुढे मी करारनामा ठेवणार नाही, तो त्याचा अपमान ठरेल. परंतु लाखाच्या वर एक पान लिहून घ्यायला माझी हरकत नाही, दोन अटींवर: खाटा आणि नेमणुका यांविषयी दात्याचा शब्द चालणार नाही, आणि यंत्राच्या रकमेतील ठरावीक हिस्सा देखभाल व पाणी यांसाठी राखता येईल.

गिरणाकाठ, जळगाव

दोन्ही अटी मला मान्य आहेत. दुसरी तर मी स्वतःच मागत होतो. मसुदा लिहितो. त्यात नामफलकाची मुदत, फलक हलवण्यापूर्वी कुटुंबास पत्र, आणि यंत्र पंधरा दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्यास दात्यास कारणासह कळवणे, ही कलमे असतील. यंत्र किती जणांना लागले तो आकडा मी मावशींना शेवटी पोस्टकार्डावर लिहून पाठवला. उत्तर आले नाही.

निवृत्त लेखापरीक्षक, भुसावळ

देणगी कायम निधीत की चालू खर्चासाठी, हे पहिल्याच ओळीत असावे, आणि त्याखाली दात्याची सही त्याच तारखेची.

परिचारिका, नंदुरबार

रुग्णाच्या छायाचित्राचे कलम या मसुद्यात अजून आलेले नाही. ते आल्यावरच मी तो आमच्या अधिसेविकाबाईंना दाखवीन.