कायदा एकच, पण दाखला कुठला?

स्टेशनवर एकटं सापडलेल्या मुलाबद्दल लिहून तुम्ही विचारलंय, 'निराधार मुलांसाठीचा कायदा केंद्राचा, मग राज्याराज्यांत फरक कसा?' बाल न्याय अधिनियम 2015 हा कायदा सगळीकडे तोच आहे (जम्मू-काश्मीरला मात्र 2019 नंतर). निराधार मूल सापडलं की 24 तासांत बाल कल्याण समितीसमोर न्यायचं, हेही सगळीकडे सारखं. पण समितीवर माणसं नेमतं राज्य, आणि स्वतःच्या योजनाही राज्याच्याच. आपल्या महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचे एका मुलामागे महिना 2,250 रुपये, तर केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत 4,000. खरी गोम इथंच: योजना राज्याची, म्हणून दाखलाही इथलाच मागतात.

पुण्याजवळच्या वाघोलीतल्या एका बांधकामाच्या साइटवरची बाई, नवरा वारलेला, दोन मुलं. आधार कार्ड कर्नाटकातल्या कलबुर्गीचं. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद नीट घडी घालून ठेवलेले. बालसंगोपनाच्या अर्जासाठी मी सोबत गेलो होतो. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "रहिवासी दाखला इथला आणा." घर म्हणजे पत्र्याची खोली, तीही ठेकेदाराची, दाखला देणार कोण? तीन चकरा झाल्या, मग तिनेच नाद सोडला. पोरं आपल्याच जिल्ह्यात वाढतायत, हे कुणाच्या गावीही नाही.

तुम्ही लिहिलेलं मूल मात्र स्टेशनवर एकटंच सापडलंय ना? मग कागदांचं नंतर बघू, आधी 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा.