सॉफ्टवेअरवर नव्वद टक्के, ड्युटीवर दांडी गुल

अर्धवट_रेसिडेंट:
रेडिओलॉजीचं पहिलं वर्ष. रोज रात्री तासभर कॉम्प्युटरवर छातीचे एक्स-रे वाचायचा सराव करते. केस येते, चार पर्यायांतून एक निवडायचा, लगेच बरोबर की चूक ते कळतं. तीनेकशे केसेस झाल्या, स्कोअर 90 च्या आसपास आहे. परवा ड्युटीवर मात्र हृदयाच्या सावलीमागची गाठ माझ्याकडून सुटली. आणि त्याच सकाळी एका धडधाकट माणसाच्या स्तनाग्राच्या सावलीला मी नोड्यूल (फुप्फुसातली छोटी गाठ) म्हणून मोकळी झाले! असलेलं दिसत नाही, नसलेलं दिसतं. मी वाचायला शिकतेय की नुसती सॉफ्टवेअरला ओळखायला?

जुनी_फिल्म:
आधी एक सांग, तुझ्या संचात नॉर्मल किती असतात?

अर्धवट_रेसिडेंट:
मोजले सर. शेवटच्या 50 मध्ये 7.

जुनी_फिल्म:
तिथेच गोम आहे. 50 पैकी 43 आजारी असले की 'काहीतरी असणारच' असं मन धरूनच बसतं. घोट्याच्या एक्स-रेंवर हे तपासून पाहिलंय. शिकणाऱ्यांच्या एका गटाला 30 टक्के बिघाड असलेला संच दिला, दुसऱ्याला 50, तिसऱ्याला 70. बिघाड जास्त असलेल्या संचावर शिकलेले विकृती जास्त पकडत होते, पण नॉर्मलला नॉर्मल म्हणताना जास्त चुकत होते. तुझं स्तनाग्र त्यातलंच. (आम्ही सगळ्यांनी ते एकदा तरी केलंय, लाजू नकोस.)

गाठीचं दुखणं वेगळं. त्या एक्स-रेत आणखी काही होतं का?

अर्धवट_रेसिडेंट:
हो. छातीत उजवीकडे पाणी होतं. ते दिसलं तेव्हा खूश झाले होते.

जुनी_फिल्म:
खूश झालीस आणि शोध थांबला. 2013 मध्ये एका प्रयोगात फुप्फुसाच्या सीटीत गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, साध्या नोड्यूलच्या 48 पट मोठं. नोड्यूल शोधणाऱ्या 24 रेडिओलॉजिस्टपैकी 20 जणांना ते दिसलंच नाही. त्यांतल्या बहुतेकांची नजर तर थेट त्यावरून गेली होती.

पर्याय बंद कर. चार पर्याय दिसले की अर्धं उत्तर फुकट मिळतं, आणि ड्युटीवर ते कोण देणार? आधी दोन ओळींचा रिपोर्ट लिही, बोट ठेवून जागा दाखव, मगच उत्तर उघड. एक सापडलं तरी फुप्फुसाची टोकं, हृदयामागचा भाग आणि श्वासपटलाखालचा (छाती-पोटामधल्या पडद्याखालचा) भाग पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही.

राखाडी_छटा:
सीटीचा सराव करणार असशील तर गोठवलेल्या चित्रांवर करू नकोस. विंडो, म्हणजे राखाडी छटांचा कोणता पट्टा दिसावा ते, स्वतःला फिरवता आली पाहिजे. फुप्फुसाला रुंदी 1500, मध्य उणे 600. मऊ ऊतींना 400 आणि 40. मऊ ऊतींच्या विंडोत फुप्फुस नुसतं काळंकुट्ट दिसतं, त्यात लपलेलं काय शोधणार?

अर्धवट_रेसिडेंट:
दोन आठवड्यांनी सांगतेय. पर्याय बंद केले, निम्मे नॉर्मल घातले. स्कोअर 68 वर आला. वेळ दुप्पट लागतो आणि चिडचिडही होते. नॉर्मल लिहायला तर हातच धजत नाही. काल एक्स-रेत हृदयामागे तीनदा पाहिलं. काहीच नव्हतं. तसंच लिहिलं, आणि सरांनी सही केली.