आमच्या एफएमवर सकाळी आता मुंबईचा पाऊस ऐकू येतो

फॉलपिको_सिडको

नमस्कार मंडळी,

नाशिकहून लिहितेय. सिडकोत माझं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. दोन मशीन, एक ओव्हरलॉक, हाताखाली एक मुलगी. शटर वर गेलं की आधी रेडिओ लागतो, देवापुढची उदबत्ती त्यानंतर. सासूबाईंना सांगू नका.

रेडिओ म्हणजे खरा रेडिओ, फोनमधला नाही. कटिंगच्या टेबलाच्या कोपऱ्यात असतो. एरियल कधीच मोडलंय, त्या जागी तांब्याची तार गुंडाळून ती तयार कपड्यांच्या दांडीला अडकवलीय. जड शालू टांगला की आवाज सुधारतो, का ते देव जाणे. मुंबईची अस्मिता वाहिनी मला फार आवडते, पण मशीनची मोटर फिरली की मिडियम वेव्हवर नुसती खरखर. एफएमला मोटर बाधत नाही. म्हणून वर्षानुवर्षं दिवसभर एकच खासगी स्टेशन. नाव लिहीत नाही, नाशिककर ओळखतील.

तर झालंय असं की उन्हाळ्यात कधीतरी रेडिओवर सकाळी बोलणारा आमचा आरजे मुलगा गायब झाला. निरोप नाही, काही नाही. सोमवारी रेडिओ लावला तर दोन नवीनच आवाज, एकमेकांच्या बोलण्यावर हसतायत. आठवडाभराने कळलं की ते मुंबईत बसून बोलतात आणि तेच सगळीकडे लागतं. दुपारचा मराठी गाण्यांचा तासही गेला. आता जेवणाच्या सुट्टीतही तीच सात-आठ हिंदी गाणी. एका ब्लाउजला बाह्या लावायला घेतल्या तेव्हा जे गाणं लागलं होतं, तेच दुसऱ्याच्या हुकांना पुन्हा. माझ्याकडची मुलगी पुढचं गाणं कोणतं ते आधीच सांगते, आणि बरोबर निघतं.

गाण्यांचंही एक वेळ सोसलं असतं. पण जुलैत गंगापूर धरणातून पाणी सोडलं त्या दिवशी मात्र माझं टाळकं फिरलं. आधीचा मुलगा असता तर सकाळपासून सांगत बसला असता, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या (त्या मूर्तीवरूनच आम्ही पूर मोजतो) गुडघ्याला पाणी लागलं, आता कमरेला आलं, सराफ बाजारातल्यांनो माल वर घ्या, होळकर पुलाकडून जाऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती पुरता बुडाला होता तेव्हा आम्ही त्याच्याच भरवशावर होतो. यंदा रेडिओ काय सांगत होता? अंधेरी सबवे बंद आहे आणि हिंदमाताला पाणी साचलंय. माझ्याकडची मुलगी पंचवटीत राहते. तिला मी अंधेरी सबवेच्या माहितीवर घरी पाठवू का?

विचारायचं असं: तुमच्या गावातही हेच झालंय का? तीच तीच गाणी लावण्यात यांचा काय फायदा? आणि श्रोत्याने सांगायचं तर कोणाला सांगायचं? फोन लावला तर रेकॉर्ड केलेली बाई स्पर्धेचं उत्तर विचारते.

बग_फिक्स_बाणेर

ताई, राग मानू नका, पण रेडिओ आता ऐकतं कोण? अॅपवर आपली यादी बनवा, ब्लूटूथचा स्पीकर घ्या, विषय संपला. पुराचं म्हणाल तर महापालिकेचे मेसेज येतात की.

फॉलपिको_सिडको

दादा, राग नाही. पण मशीनवर बसलं की दोन्ही हात कापडावर आणि पाय पेडलवर. जॉर्जेटला पिको चालू असताना फोनकडे नुसतं बघितलं तरी कड वाकडी जाते. मेसेज येतात हे खरं, ते मी रात्री जेवताना वाचते. आणि यादी मीच बनवायची म्हणजे मला माहीत असलेलीच गाणी ऐकायची. त्यासाठी वेगळा स्पीकर कशाला, मी स्वतःच गुणगुणते.

माजी_प्रोग्रामिंगवाला

मी खासगी एफएममध्ये बरीच वर्षं काढली, नाशकात नाही, राज्यातल्याच दुसऱ्या एका शहरात. नोकरी याच प्रकारात गेली, त्यामुळे थोडा कडवटपणा गृहीत धरा.

आधी गाण्यांचं. गाणी आरजे निवडतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. गाणी सॉफ्टवेअर लावतं. तासाचं एक 'क्लॉक' असतं: इथे गाजतंय ते गाणं, इथे दोन-तीन वर्षांपूर्वीचं, इथे स्पॉट म्हणजे जाहिरात, इथे आरजेची लिंक म्हणजे मधलं बोलणं. गाजणाऱ्या गाण्यांचा गट मुद्दाम लहान ठेवतात, म्हणून ती फिरून फिरून येतात. यामागचा हिशेब असा की बहुतेक ऐकणारा गाडीत पंधरा-वीस मिनिटं असतो. तेवढ्यात त्याला ओळखीचं गाणं मिळालं नाही तर तो बटण दाबून पुढच्या स्टेशनवर जातो. सगळी आखणी त्याच्यासाठी असते. ताई, तुम्ही आठ-दहा तास ऐकता, हाच तुमचा गुन्हा. तुमच्यासारखा श्रोता त्या हिशेबात बसतच नाही. सलून, शिवणकाम, वेल्डिंगचं वर्कशॉप, किराणा दुकान, रेडिओवर खरं प्रेम करणारी ही सगळी माणसं कागदावर दिसत नाहीत.

दिसणार कशी? श्रोत्यांनी काय ऐकलं ते डायरीत लिहायचं आणि त्यावरून श्रोते मोजायचे अशी जी पद्धत होती, ती मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांपुरती. म्हणजे गाणी त्या शहरांच्या आवडीवर ठरणार आणि वाजणार सिन्नर फाट्यावरही.

आता मुंबईच्या आवाजाचं. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात लायसन फी ठरलेली होती आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायची. त्यात बरेच जण गळपटले. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात ते बदलून मिळकतीच्या ४ टक्के असं सूत्र आलं, म्हणून आपल्याकडच्या मध्यम शहरांत स्टेशनं निघू शकली. तेव्हा एकच कार्यक्रम अनेक शहरांत लावायला बंधनं होती. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने कंपनीला आपल्या देशभरच्या स्टेशनांवर एकच कार्यक्रम लावायची मुभा दिली. तेव्हापासून मंदी आली की पहिली कुऱ्हाड लहान शहराच्या सकाळच्या शोवर. एका आरजेचा, त्याच्या प्रोड्युसरचा पगार वाचतो. स्टुडिओत एक इंजिनिअर आणि बाहेर जाहिराती आणणारी दोन मुलं उरतात. काही ठिकाणी तर तुम्हाला जो 'लाइव्ह' वाटतो तो आवाज आदल्या संध्याकाळी रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. त्यात पूर कुठून येणार?

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो, कारण हे कारण पुढे केलं जातं. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी आहे, आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं घ्यावं लागतं, हे खरं. पण वाहतूक, हवामान, पाणी-वीज, प्रशासनाने दिलेला आपत्तीचा इशारा हे त्या धोरणात बातम्यांत मोजलेलंच नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं हे सांगायला त्यांना कोणीही अडवलेलं नाही. सांगायला तिथे माणूस नाही, एवढंच.

ठाण्याची_कळवणकर

मी जरा उलट बोलते, चालेल ना? माहेर कळवण, सासर ठाणे. आमच्याकडे एका स्टेशनने गेल्या वर्षी बडबड कमी करून जुन्या गाण्यांवर भर दिला आणि मला तर सुटल्यासारखं झालं. ते प्रँक कॉल आठवतात का? एखाद्या बिचाऱ्याला फोन करून तुमचं लग्न मोडलं म्हणायचं आणि तो रडकुंडीला आला की सगळ्यांनी खिदळायचं. ते ऐकत माझी मुलं शाळेत जायची. स्थानिक आरजे म्हणजे सगळेच तुमच्या त्या मुलासारखे गुणी नसतात हो. आमचा एक होता तो तर अर्धा वेळ स्वतःच्याच फिटनेसवर बोलायचा.

पुराचं मात्र पटलं. त्याला तोड नाही.

गंगाघाट_जुना

वय ७९. नातवाने टाइप करून दिलं आहे, चुका त्याच्या.

श्रोत्यांचा राग ही काही आजची गोष्ट नाही. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. आपलेच, पुण्याचे. विद्वान माणूस, शास्त्रीय संगीतावर मोठी निष्ठा. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मोर्चे काढले नाहीत, अर्ज केले नाहीत. सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. जाहिरातींवर चालणारं स्टेशन, समुद्रापलीकडचं, शॉर्टवेव्हवर लाटांसारखं वर-खाली होणारं. बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सयानी लागले की पंचवटीत आमच्या वाड्याच्या ओट्यावर माणसं जमत, कारण वाड्यात संच एकच. तेव्हा संच ठेवायला लायसन लागे, ते वडील पोस्टात भरत. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारला विविध भारती काढावी लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर केंद्रांवर तिथेही जाहिराती आल्या, आणि त्याही वेळी लोक म्हणाले की आता रेडिओ बाटला.

सांगायचा मुद्दा, तेव्हा सुई फिरवायला दुसरी जागा होती. आज ताईंनी बटण दाबलं तर शेजारच्या स्टेशनवर काय आहे? तेच गाणं, दोन मिनिटं पुढे.

तरी एक सुचवतो. आपलं नाशिक आकाशवाणी केंद्र एफएमवरच आहे, १०१.४. त्याला तुमची मोटर बाधायची नाही.

फॉलपिको_सिडको

काका, नमस्कार. १०१.४ माहीत आहे हो, पुराच्या दिवशी शेवटी तेच लावलं आणि मुलीला दुपारीच घरी पाठवलं. पण रोज दिवसभर ते नाही चालत माझ्याकडे. गिऱ्हाईक बायका बाकावर बसतात, त्यांना काहीतरी ठेक्याचं लागतं. शेतीचा सल्ला सुरू झाला की म्हणतात, अगं बदल ना जरा.

ठाण्याच्या ताई, प्रँक कॉल मलाही नको होते. आमचा मुलगाही करायचा सुरुवातीला, मग एकदा एका आजींनी त्यालाच फोनवर असा झापला की पुन्हा नाव नाही घेतलं. त्याचं ते झापून घेणंसुद्धा त्याने हवेत जाऊ दिलं, म्हणून तो आवडायचा.

माजी प्रोग्रामिंगवाले दादा, तुमचं वाचून डोक्यात उजेड पडला. पण मग माझा शेवटचा प्रश्न तसाच राहिला. सांगायचं कोणाला? मंत्रालयाला?

येवला_हातमाग

मंत्रालयाला लिहून वर्ष जाईल. जाहिरातदाराला सांगा.

माझं येवल्यात पैठणीचं दुकान आहे. दिवाळी आणि लग्नसराई अशी दोनदा त्याच स्टेशनवर जाहिरात द्यायचो. नुसता स्पॉट नाही, सकाळच्या शोमध्ये तो मुलगा बोलता बोलता सांगायचा. एकदा स्वतः दुकानात येऊन गेला, मागावर बसला, धोटा फेकता फेकता त्याची बोटं अडकली, दुसऱ्या दिवशी अर्धा तास तेच सांगत होता. त्या आठवड्यात नाशिकहून माणसं आली आणि विचारत होती, तो माग कुठला ज्यात त्याची बोटं अडकली? त्यातली निम्मी नुसती बघून गेली, पण निम्म्यांनी घेतलं.

या वेळी त्यांचा माणूस रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात लावायचा कागद, घेऊन आला, रेट वीस टक्के कमी करतो म्हणाला. मी विचारलं, सकाळी कोण बोलणार? म्हणाला, मुंबईची टीम, मोठी नावं आहेत. म्हटलं, त्यांच्या गिऱ्हाइकांना दादरला भरपूर दुकानं आहेत, ती एवढ्या लांब कशाला येतील? सही केली नाही. एकट्या माझ्याने काही होत नाही, पण क्लासवाले, बिल्डर, सराफ यांनी हाच प्रश्न विचारला तर तो मुंबईपर्यंत जाईल.

माजी_प्रोग्रामिंगवाला

येवलेकर बरोबर बोलले. श्रोत्याचं पत्र फायलीत जातं, जाहिरातदाराने परत पाठवलेली ऑर्डर मीटिंगमध्ये वाचली जाते. आमच्याकडे एका मोठ्या साडीवाल्याने हट्ट धरला म्हणून संध्याकाळचा दोन तासांचा स्थानिक शो परत आला होता. सकाळचा नाही आला, पण संध्याकाळचा आला.

आणि वेळही तुमच्या बाजूची आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय. तेव्हा नाशकातल्या द्वारका चौकातून वाहतूक कुठे वळवली, गाड्या कुठे लावायच्या, कोणता घाट बंद हे मुंबईत बसून सांगता येणार नाही, आणि सिंहस्थाच्या जाहिराती मात्र त्यांना हव्या असणार. आत्ता बोललात तर ऐकतील.

ठाण्याची_कळवणकर

अनुमोदन. आणि तो मुलगा सध्या कुठे आहे ते कळलं तर सांगा, इथे सगळ्यांनाच उत्सुकता लागलीय.

फॉलपिको_सिडको

तो यूट्यूबवर मिसळीची दुकानं दाखवतो म्हणे. बघायला वेळ मिळालेला नाही. बघायचं म्हणजे पुन्हा डोळे लागतात ना.

कालपासून वहीत लिहून ठेवतेय कोणाची जाहिरात किती वेळा लागते. एक सराफ, दोन क्लास, एक फर्निचरवाला आणि पाथर्डी फाट्याकडची एक बिल्डिंग, एवढ्यांवर सगळं चाललंय. त्यातल्या सराफांच्या घरचं लग्न आहे आणि सगळ्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडे टाकलेत. शनिवारी ट्रायलला येणार आहेत. काढते विषय.

येवला_हातमाग

ताई, विषय ब्लाउज हातात द्यायच्या आधी काढा.