बाजारपेठेत पार्किंगला पैसे लावले की छोट्या दुकानांचा धंदा बसतो का?

गल्लीबोळ:
छोट्या गावाची मुख्य बाजारपेठ, रस्त्याकडेला चाळीसेक चारचाकींची जागा. पालिका तिथे ‘पे अँड पार्क’ आणायचं म्हणते. दुकानदारांचं म्हणणं एकच: गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात पार्किंग फुकट असताना गिऱ्हाईक पैसे भरून इथे कशाला येईल? अशा वेळी सरसकट विरोध करावा की अटी घालून मान्य करावं? जाणकारांनी जरा तपशिलात लिहा.

हिशोबनीस:
आधी मोजणी करा, मग विरोध की पाठिंबा ते ठरवा. एक साधा दिवस आणि एक गर्दीचा दिवस निवडायचा. दुकानं उघडल्यापासून बंद होईपर्यंत दर अर्ध्या तासाने रस्त्यावरून एक फेरी मारायची आणि प्रत्येक जागेवरच्या गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे तक्त्यात लिहायचे. उभ्या रकान्यात जागा, आडव्या ओळीत वेळ. आलटून पालटून दोघांना सहज जमतं. यातून किती जागा किती वेळ भरलेल्या असतात ते कळतं आणि कुठली गाडी किती वेळ हलत नाही तेही दिसतं.

आता हिशेब. 40 जागा गुणिले 10 तास म्हणजे 400 जागा-तास. समजा 18 गाड्या सकाळी लागून रात्रीच निघतात, तर 180 तास तिथेच गेले. गिऱ्हाईक सरासरी 40 मिनिटं थांबतं असं धरलं, तर त्या 180 तासांत कागदावर 270 गाड्या मावल्या असत्या. 15 टक्के जागा कायम रिकाम्या राहायला हव्यात हे धरूनही 230 च्या आसपास. आणि दिवसभर न हलणाऱ्या गाड्या बघायला गेलं तर पुष्कळदा दुकानमालकांच्या आणि कामगारांच्याच निघतात. जगातलं पहिलं पार्किंग मीटर, म्हणजे पैसे टाकून गाडी लावायची वेळ विकत घेण्याचं यंत्र, 1935 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं, तेही याच दुखण्यावर. कामावर येणारे लोक दिवसभर जागा अडवत होते आणि तक्रार व्यापाऱ्यांचीच होती.

या मोजणीत एक खोट आहे. अर्ध्या तासाच्या फेरीत दहा मिनिटांत निघून जाणाऱ्या गाड्या सुटतात आणि थांबण्याची सरासरी फुगते. औषधाच्या दुकानासमोर निदान एक तास तरी दर पाच मिनिटांनी नोंद घ्या.

नाकेबंदी:
वरच्या मोजणीत ऐन गर्दीच्या वेळीही जागा 60 टक्क्यांच्या खाली भरत असतील, तर शुल्काचं काही कामच नाही. तिथे पैसे लावले की गिऱ्हाईक तुटेल आणि हाती काही लागणार नाही. फार तर दोन तासांची मर्यादा घाला. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासूनच्या प्रयोगात हेच सूत्र धरलं होतं: 80 टक्क्यांवर भरलं की दर वाढवायचा, 60 च्या खाली गेलं की उतरवायचा. छोट्या गावात एवढी यंत्रणा नको, पण सकाळी ओस पडणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळचाच दर लावणं चूकच.

योजना फसतात त्या बारीक गोष्टींत. मुख्य रस्त्यावर महिन्याचा पास दिला की दिवसभर उभी राहणारी गाडी अधिकृत होते, म्हणजे मूळ दुखणं तसंच. पास द्यायचाच तर मागच्या गल्लीत किंवा पाच मिनिटं चालावं लागेल अशा मैदानात द्या, आणि ती सोय शुल्क सुरू होण्याआधी तयार हवी. नाहीतर त्या गाड्या शेजारच्या घरांच्या दारात जाऊन उभ्या राहतात.

पहिली 20–30 मिनिटं फुकट ठेवा, पण पावतीवर गाडीचा नंबर हवा आणि सवलत दिवसातून एकदाच. नाहीतर लोक गाडी जागच्या जागी मागेपुढे करून नवी पावती घेतात. पाच मिनिटांच्या कामासाठी पैसे भरायला तीन मिनिटं लागली, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. शिवाय वेळ संपल्यावर निदान दहा मिनिटांची सूट हवीच. दराने माणूस कुरकुरतो, दंडाने मात्र तो बाजाराचं नावच टाकतो.

दोनओळी:
दुकानदारांची भीती खोटी नाही, ती सगळ्यांना सारखी नाही एवढंच. कपड्यांच्या दुकानात दीड तास जातो, पण खरेदीही मोठी असते, शुल्क त्यात खपून जातं. किरकोळ वस्तू घेणाऱ्याला तेच शुल्क वस्तूच्या किमतीच्या मानाने टोचतं. गाड्या भराभर हलल्याचा फायदाही झटपट खरेदीच्या दुकानालाच जास्त, म्हणून फुकटच्या अर्ध्या तासावर अडून बसा.

दुसरी अट पैशांची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओल्ड पॅसाडेना या बाजारपेठेत 1993 साली मीटर बसले ते व्यापाऱ्यांचा विरोध मावळल्यावर, आणि तो मावळला कारण उत्पन्न त्याच भागाच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि सफाईवर खर्च करायचं ठरलं. ठेका ठोक रकमेवर देऊ नका. ठेकेदाराला रक्कम वसूल करायची असते, मग तो दुहेरी रांग लावतो, माल उतरवायची जागासुद्धा विकतो. आखलेल्या चौकटीबाहेरची पावती रद्द आणि ठेकेदाराला दंड, हे कलम करारातच घालून घ्या.

गल्लीबोळ:
आभार. पण धंद्यावर परिणाम झाला की नाही हे नंतर कळणार कसं? सहा महिन्यांनी जो तो आपापलं म्हणणं खरं करेल.

हिशोबनीस:
गल्ल्यातल्या रकमेवर जाऊ नका, भाववाढीने ती आपोआप वाढते. रोजच्या बिलांची संख्या घ्या, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावा, आणि शुल्क नसलेल्या दुसऱ्या रस्त्यावरच्या तशाच दुकानांचे आकडे शेजारी ठेवा. दोन्हीकडे सारखीच घट असेल तर कारण पार्किंग नव्हे. सुरुवातीचा महिना सोडून द्या, लोक तेव्हा चाचपडत असतात. आणि गिऱ्हाइकांना दारात विचारा, कसे आलात म्हणून. चारचाकीने येणाऱ्यांचा आकडा दुकानदार बहुतेकदा फुगवून सांगतात, कारण पार्किंगची तक्रार तेच करतात आणि पायी येणारा काही बोलत नाही. ही विचारणा शुल्क लागण्याआधीच एकदा उरकून घ्या, नंतर तुलनेला काही उरत नाही.