पात्राचा भूतकाळ कादंबरीत किती घालायचा?

लेखनवेडी: पहिलीच कादंबरी लिहितेय. लालबागच्या चाळीतली सत्तरीची बाई, आधी खानावळ चालवायची, नवरा गिरणीत त्रासन खात्यात (म्हणजे सूत कातायच्या), १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सगळं विस्कटलं. गोष्ट मात्र आत्ताची, चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. पण तिचं आधीचं सांगता सांगता चाळीस पानं झाली नि अजून एक खोलीसुद्धा रिकामी झालेली नाही! काय करू?

अर्धीओळ: फाडू नका, वेगळ्या फाइलीत टाका, ती पानं तुमच्या स्वतःसाठी आहेत. अडीच लाख कामगार वगैरे वाचकाला कुठेही मिळतं हो. त्यापेक्षा सामान बांधताना तिला खानावळीची उधारीची वही सापडू दे, फेब्रुवारीपासून नावांपुढे जमा काहीच नाही, जो कोकणात गावी निघून गेला त्याच्या नावावर काट. आता ती वही रद्दीत जाते की ट्रंकेत, त्यावर बाई कळेल.

गिरणगावकर: वही भारी, पण फ्लॅशबॅक म्हणजे पापच असं काही नाही हां, फक्त तो आत्ताच्या एखाद्या गोष्टीने उघडायला हवा. आमचे आजोबा गिरणी बंद पडल्यावरही पहाटे पहिल्या पाळीच्या वेळेला उठून दाढी करून बसायचे, कुठे जायचं नसायचं. का ते कुणी सांगितलं नाही, आम्हाला कळायचं.

लेखनवेडी: दाढीचं घेऊ का, चालेल? आणि वहीत काट मारलेलं एक नाव नवऱ्याचंच निघालं तर?

अर्धीओळ: मग सदतीस पानं उडवा आजच.